दुधाच्या कूलरवर रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू: ११ महिने वापरल्यानंतर (आणि एका केबलची गोष्ट)

दुधाच्या कूलरवर लक्ष ठेवायला मी रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड लावलाय, त्याचं आज सकाळी तिसरं मेमरी कार्ड गेलं. आठ महिन्यांत तिसरं. कूलररूममध्ये गेले तर बोर्डवरचा हिरवा दिवा बंद, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र दुधाचं टेंपरेचर ४.१ असं छान दिसतंय. ते ४.१ रात्री एक वाजून दहा मिनिटांचं होतं. लाईट दोन मिनिटं गेली, इन्व्हर्टरवर बदलताना बोर्ड अडकला आणि स्क्रीन तोच आकडा धरून बसली. माझा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीचा आहे. बंद पडायचं तर पड, पण राखणदार मेलाय हे कळायला नको का?

बोर्डाचे स्पेक्स सगळ्यांना माहिती आहेत, चार कोर, ५१२ एमबी रॅम, ते सोडते. आमचं संगमनेर तालुक्यात गावात दूध संकलन केंद्र आहे, १००० लिटरचा बीएमसी, म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी. मागच्या मे महिन्यात संध्याकाळचं दूध ओतून झालं आणि साडेआठला डीपीवर एका फेजचा फ्यूज उडाला. कॉम्प्रेसर थ्री फेजवर, तो प्रिव्हेंटरनं (फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) बंद केला, बरोबरच केलं नाहीतर मोटर जळली असती. पण खोलीतला बल्ब आणि पंखा दुसऱ्या फेजवर, ते चालूच. मी घरून फोन केला, "नाना, कूलर चालू आहे ना?" नाना म्हणजे माझे सासरे, रात्री तिथंच झोपतात. ते म्हणाले, "अगं हाय की लाईट, पंखा फिरतोय." सकाळी दूध १९ डिग्रीला. टँकरवाल्यानं अल्कोहोल टेस्ट लावली, नळीत गुठळ्या दिसल्या आणि ६४० लिटर दूध परत. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत.

असं झालं की लगेच कळवणाऱ्या तयार सिस्टीमचं कोटेशन ३८ हजार आलं. मी युट्यूब बघून सहा हजाराच्या आत बसवलं. टेंपरेचरचा डीएस१८बी२० सेन्सर टाकीच्या थर्मामीटरच्या पॉकेटमध्ये, तिन्ही फेजवर एकेक २३० व्होल्ट कॉइलचा रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि त्यांचे कॉन्टॅक्ट बोर्डाला, म्हणजे घरची लाईट बोर्डापर्यंत पोचतच नाही. एक जरी फेज गेला तरी नानांच्या खाटेजवळ हूटर वाजतो आणि मला टेलिग्रामवर मेसेज येतो. कॉम्प्रेसर मात्र मी मुद्दाम याच्या ताब्यात दिलेला नाही. ते निळे छोटे रिले मोटरच्या कामाचे नाहीत, त्याचा थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टर त्याचं काम बरोबर करतात, आपण फक्त बघायचं आणि ओरडायचं.

पहिल्या महिन्यात दोन गोष्टी शिकले. एक, राऊटर साध्या सॉकेटवर होता, त्यामुळे लाईट गेल्याचा मेसेज लाईट आल्यावर यायचा. तो इन्व्हर्टरवर घेतला. दुसरं, एका रात्री मेसेज आला, दूध ८५ डिग्री. मी घाबरून पळत गेले तर दूध ४ ला. मग कळलं की हा सेन्सर नुसता चालू होतो तेव्हा त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो, म्हणजे ८५ दिसला की समजायचं मध्ये त्याची वायर सुटून परत जोडली गेली. ओल्या खोलीत मी जोड नुसता टेप गुंडाळून दिला होता. सोल्डर करून वरून श्रिंक ट्यूब घातली, परत ८५ आला नाही.

तर सेन्सर चांगला, कल्पना चांगली, पण कार्ड. पहिलं गेलं तेव्हा वाटलं कार्ड डुप्लिकेट असेल. दुसरं ब्रँडेड घेतलं, तेही गेलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "ताई, बोर्डाची वॉरंटी आहे, कार्ड तुमचं." त्याच्याशी अर्धा तास भांडले. आज तिसरं. माझं मत, डेअरीसाठी हा बोर्ड घेऊ नका.

वरचं सगळं मी फेब्रुवारीत लिहून ठेवलेलं, पाठवायचं राहून गेलं. आता मे चालू आहे आणि मत बदललंय, म्हणून वरचं पुसत नाही, पुढं लिहिते.

होळीला भाचा आला, त्याच्याकडे जुना थ्री बी, म्हणजे रास्पबेरी पायचाच मोठा बोर्ड होता. कार्ड बघू म्हणून आम्ही माझाच चार्जर आणि माझीच केबल त्याच्या बोर्डाला लावली, आणि टीव्हीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकायला लागलं. म्हणजे सप्लाय कमी पडतोय. रास्पबेरी पायच्या मोठ्या बोर्डांवर व्होल्टेज ४.६३ च्या खाली आलं की ते असं सांगतात. झिरोच्या कुठल्याच मॉडेलवर ते सर्किट दिलेलं नाही! आठ महिने माझा बोर्ड अर्धपोटी चालत होता आणि सांगायची सोयच नव्हती. मीटर लावला, चार्जरच्या तोंडाशी ५.१, बोर्डाच्या पिनांवर ४.५. केबल दोन मीटरची, बारीक, कुठल्यातरी स्पीकरबरोबर आलेली, खणात पडून होती म्हणून वापरली. त्यात इन्व्हर्टरचा झटका बसला की कार्डावर लिहिता लिहिता बोर्ड कोलमडायचा. कार्डांवर आणि भांडणावर मी खर्च केला आणि चार्जर मात्र जुना मोबाईलचा, हे मला फार लागलं.

आता ५.१ व्होल्ट, २.५ अँपचा ओरिजिनल ॲडॉप्टर लावलाय, ज्याला केबल जोडलेलीच येते. कार्डावरचं लिहिणं थांबवणारा ओव्हरले मोड मुद्दाम पंधरा दिवस उशिरा चालू केला, खरं कारण कळावं म्हणून. त्या पंधरा दिवसांत लाईट सहा-सात वेळा गेली, एकदाही अडलं नाही. ओव्हरलेनंतर कार्डावर काही लिहिलंच जात नाही, रीडिंग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जातात. वॉचडॉगही चालू केलाय, बोर्ड गोठला तर आपोआप रीस्टार्ट होतो. आणि ऑफिसच्या स्क्रीनवर पाच मिनिटांत नवीन रीडिंग आलं नाही तर आकडा जाऊन लाल पट्टी येते. घड्याळासाठी डीएस३२३१ पण बसवलंय, नाहीतर नेट नसताना बोर्ड सुरू झाला की वेळ चुकीची पडायची आणि टँकरवाल्याला रेकॉर्ड दाखवताना वाद व्हायचा.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेदहाला परत एक फेज गेला. हूटर वाजला, पंखा फिरतच होता. नाना उठून डीपीपर्यंत गेले, वायरमनला फोन केला, तोवर इकडे जनरेटर चालू केला. दूध १६ वर थांबलेलं, ते एकच्या सुमाराला ४ वर आलं. सकाळी टँकर भरून गेला, आणि नानांनी चहा पिताना स्वतःच बोर्डाच्या डब्यावरचं पाणी फडक्यानं पुसलं.

बोर्ड आता मी बदलणार नाही, दुसऱ्या गावच्या कूलरलाही हाच लावणार आहे. पण तो सप्लाय कमी पडल्याचं सांगत नाही हे अजून डोक्यातून जात नाही. रास्पबेरी पायला व्होल्टेज मोजायच्या ॲनालॉग पिन नाहीत म्हणून ते मोजणारा एडीएस१११५ मागवलाय, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून पाच व्होल्टची लाईन निम्मी करून त्याला द्यायची, म्हणजे दुधाच्या टेंपरेचरशेजारी बोर्डाचं व्होल्टेज पण दिसेल. पार्सल परवा येतंय.