सिग्ना ५५३०.एस: काट्यावर ५५ टन, मग ॲव्हरेज किती?

शोरूममध्ये ॲव्हरेज विचारलं की एकच आकडा मिळतो. तो भरल्या गाडीचा की मोकळ्या, सपाटीचा की घाटातला, ६० च्या वेगाचा की ८० च्या, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. टाटाचा सिग्ना ५५३०.एस हा ४ बाय २ घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, एकच ॲक्सल चालवणारा) इथे फक्त डिझेलच्या बाजूने पाहिला आहे. केबिन, सीट, एसी यांवर लिहिणारे भरपूर आहेत.

कमिन्सचं ६.७ लिटरचं इंजिन, २३०० आरपीएमला ३०० एचपी, ११०० ते १७०० आरपीएममध्ये ११०० एनएम टॉर्क, ९ गिअर. ५५ टन म्हणजे घोडा, ट्रेलर आणि माल सगळं मिळून. त्यातले पंधराएक टन नुसतं लोखंड. टनामागे साडेपाच एचपी पडतात. अमेरिकेत ८०,००० पौंडांच्या, म्हणजे ३६ टनांच्या गाडीला साडेचारशे एचपीचं इंजिन सर्रास असतं. तिथल्या व्हिडिओंत छतावरचे डिफ्लेक्टर आणि ट्रेलरचे साइड स्कर्ट लावून डिझेल वाचवताना दाखवतात. ते त्यांना परवडतं, कारण ताशी १०० च्या पुढे टायरपेक्षा हवाच जास्त अडवते. आपल्याकडे ५५ टन घेऊन ६० ने चालताना टायरांचा विरोध हवेच्या जवळजवळ तिप्पट असतो. त्यामुळे पैसा छतावर नाही, चाकांवर लावायचा.

आता आकडा. सपाट रस्ता, पूर्ण लोड, ६० चा स्थिर वेग आणि टायर-ब्रेक ठीक असतील तर लिटरला ३ ते ३.४ किलोमीटर हे प्रामाणिक ॲव्हरेज. कुणी याच लोडवर ४.५ सांगत असेल, तर त्याने मोकळी खेप त्यात मिसळली आहे किंवा काटा चुकवला आहे. मोकळी गाडी साडेपाच ते सहा देते. इथे हिशोबात एक चूक हमखास होते: जाताना ३, येताना ६, म्हणजे सरासरी साडेचार. तसं नाही. ६०० किलोमीटर जायला २०० लिटर, यायला १००. १२०० किलोमीटरला ३०० लिटर, म्हणजे ४.

घाटात गणितच बदलतं. ५५ टन १०० मीटर वर न्यायला, इंजिन आणि गिअर-ॲक्सलमध्ये जाणारी ऊर्जा धरून, चार लिटरच्या थोडं वरच डिझेल लागतं. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर, लोणावळा ६२० वर. म्हणजे बोरघाटात निव्वळ उंची गाठायला २२-२३ लिटर गेले, रस्ता कापायचं वेगळंच. एवढ्या लोडवर ५ टक्के चढाला गाडी २०-२३ च्या वर जात नाही, आणि त्यात गाडीचा काही दोष नाही. दोष असतो तो २२०० आरपीएमवर किंचाळत चढवण्यात. १७०० आरपीएमलाच सुमारे २६५ एचपी मिळून जातात. उरलेल्या ३५ साठी आणखी ६०० आरपीएम फिरवावे लागतात आणि त्यात वेग ताशी दोन-तीन किलोमीटरने वाढतो. चढाला सुई १४०० ते १७०० मध्ये राहील असा गिअर धरावा, १२०० च्या खाली येऊ लागली की एक गिअर उतरावा.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचतं हा समज अजून गेलेला नाही. गिअरमध्ये राहून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कॉमन रेल इंजिन डिझेल पूर्ण बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं जळतच राहतं. शिवाय एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून इंजिननेच गाडी रोखण्याची) साथ जाते आणि ब्रेकचे लायनर तापतात. ड्रायव्हरला वाचलेल्या डिझेलवर बक्षीस देणाऱ्या मालकांनी हे आधी समजावून सांगावं, नाहीतर बक्षिसापायी गाडी दरीत जायची.

समृद्धीवर वेगळा मोह आहे. रस्ता मोकळा आणि लिमिटर ८० ला. पण ६० वरून ८० वर गेलं की हवेचा विरोध पावणेदोन पटीने वाढतो आणि एकूण डिझेल १८-२० टक्क्यांनी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर; सपाटी धरली तरी सुमारे ४५ लिटर जास्त. डिझेल ९० रुपयांनी धरा, चार हजार रुपये जातात आणि वाचतात फक्त तीन तास. तेवढ्या वेळात पुढचा लोड मिळणार असेल तर खुशाल मारा, नाहीतर जेएनपीटी बंदराच्या रांगेत ते तीन तास असेच जाणार.

टायरांत हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना गेज लावून बघायची; लाथ मारून कळत नाही. दाब टायर कंपनीच्या तक्त्यातून, त्या ॲक्सलवरच्या लोडप्रमाणे. जोडीच्या चाकांपैकी आतलं नेहमी उपाशी राहतं, कारण तिथपर्यंत नळी घालायचा कंटाळा. ट्रेलरचे ॲक्सल तिरके असतील तर गाडी थोडी आडवी चालते आणि टायर घासतात. किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणारी खुंटी) ट्रेलरच्या पहिल्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. फरक ३ मिलिमीटरच्या वर नको. मग तिथून पुढचे ॲक्सल समांतर आहेत का ते पाहा. ब्रेक धरून राहिलाय का हे ओळखायला २०-२५ किलोमीटर चालवून, शेवटी फारसा ब्रेक न लावता थांबा आणि प्रत्येक हबवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एखादा बाकीच्यांपेक्षा ठळक गरम निघाला तर स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई जुळवणारा भाग) किंवा ब्रेक चेंबर बघायचा.

बीएस-६ मध्ये जुनी खूण गेली. पूर्वी टर्बोचा होज फाटला की काळा धूर सांगायचा. आता काजळी डीपीएफ (सायलेन्सरमधला फिल्टर) अडवतो, धूर दिसत नाही, पण रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, वारंवार होऊ लागतं आणि प्रत्येक वेळी डिझेल जळतं. रिजनरेशनचा दिवा नेहमीपेक्षा लवकर लागायला लागला की आधी होजचे क्लॅम्प आणि एअर फिल्टर तपासा, लॅपटॉप नंतर. डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण) डिझेलच्या ४ ते ६ टक्के धरा आणि खेपेच्या खर्चात मांडा. आयएसओ २२२४१ छापलेलाच घ्या, खुल्या कॅनमधला नको.

इंजिनची ताकद लोडप्रमाणे कमी-जास्त करणारं लाइट-मीडियम-हेवी मोडचं बटण मोकळ्या गाडीला चांगलं कामी येतं. पूर्ण लोडवर लाइट ठेवून बचत होत नाही. ड्रायव्हर पाय दाबून धरतो आणि गाडी खालच्या गिअरवर रेंगाळते. गिअर शिफ्ट ॲडव्हायझर मात्र नव्या ड्रायव्हरसाठी उपयोगाचा.

मोजायचं कसं? त्याच पंपावर, त्याच नोझलला, गाडी त्याच जागी उभी करून टाकी फुल. किमान हजार किलोमीटर चालवून पुन्हा तसंच. ओडोमीटर जीपीएसशी ताडून घ्या, प्रत्येक खेपेची काट्याची पावती जोडा, आणि इंजिन चालू ठेवून उभे राहिलेले तास लिहा. आयडलिंगला तासाला दीड-दोन लिटर जातात. टाकीतल्या सेन्सरचा आकडा चोरी पकडायला ठीक, ॲव्हरेजला नाही. रस्ता उताराचा असला तरी तो हलतो.

पुणे-बंगळुरू, नागपूर किंवा गुजरातच्या लांब पल्ल्यावर ६० ने चालवायची शिस्त असेल तर गाडी डिझेलमध्ये फसवत नाही. रोज घाट चढायचा, पूर्ण लोडने, तर ३०० एचपी आणि एकच चालता ॲक्सल कमी पडतो. पावसाळ्यात चढावर चाकं सुटतात. तिथे दोन चालत्या ॲक्सलचा ६ बाय ४ बघावा, तो थोडं जास्त पिणार हे धरून.

बुकिंगआधी मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फिरतो) लेखी मागा. २९५/९० आर २० टायर ६० च्या वेगाला मिनिटाला साधारण ३१२ फेरे घेतो. त्याला रेशो आणि टॉप गिअरच्या रेशोने गुणा. टॉप १:१ आणि ॲक्सल ४.८८ असेल तर १५२० आरपीएम, ४.११ असेल तर १२८०. सपाटीवर दुसरा स्वस्त पडतो, चढाला पहिला. तुमचा रूट कोणता ते आधी ठरवा.