जुन्या फियाटच्या आतला रंग: जतन, ड्युको, पीयू की पावडर कोटिंग?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११००, मग ती पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ‘डुक्कर फियाट’ असो किंवा १९६४ नंतरची डिलाइट, मूळ रूपात आणायला घेतली की मालकाचे सगळे लक्ष बाहेरच्या रंगाकडे जाते. आतला पत्रा, म्हणजे डॅशबोर्ड, स्टिअरिंग कॉलम आणि त्यावरचा गिअरचा दांडा, खिडक्यांच्या चौकटी, दारांमधले खांब आणि ग्लव्ह बॉक्सचे झाकण, हे बहुधा शेवटी उरते आणि पेंटर बाहेरच्या डब्यात शिल्लक राहिलेल्या रंगाचे दोन हात त्यावर मारून मोकळा होतो. वास्तविक गाडी चालवताना डोळ्यांसमोर सतत असतो तो हाच पत्रा, आणि जाणकार माणूस दार उघडताच आधी तोच पाहतो. म्हणून आतल्या रंगाचा निर्णय बाहेरच्या रंगापासून वेगळा, आणि शक्यतो त्याच्या आधी, घ्यावा.

पहिली निवड रंगाच्या प्रकाराची नसून रंगवायचे की नाही याची आहे. ऊन-पावसापासून झाकलेला असल्यामुळे आतला मूळ रंग बाहेरच्यापेक्षा पुष्कळदा चांगल्या स्थितीत टिकलेला असतो. त्यावर दिसतो तो निकोटिनचा, हाताच्या तेलाचा आणि पॉलिशचा वर्षानुवर्षे साचलेला थर. सौम्य साबणाचे पाणी, मऊ सुती फडके आणि भरपूर सबुरी एवढ्यावर तो थर उतरतो. आधी ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात करून पाहावे आणि फडक्यावर मळाऐवजी रंग येऊ लागला तर तिथेच थांबावे. थिनर मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावा, कारण रंग ड्युको (थिनर उडून वाळणारा जुन्या पद्धतीचा रंग) असेल तर थिनरचा पहिलाच हात तो विरघळवतो. घासून चमक काढणारे कॉम्पाउंडही मी टाळायला सांगेन, कारण डॅशबोर्डच्या कडांवर मूळ रंग अगदी पातळ असतो आणि एकदा अस्तर (रंगाखालचा प्रायमर) उघडे पडले की जतनाचा पर्याय हातातून जातो.

जागतिक स्तरावर फिवा या जुन्या वाहनांच्या महासंघाने स्वीकारलेल्या तुरिन सनदेचा, म्हणजे जुन्या वाहनांच्या जतनाच्या तत्त्वांच्या मसुद्याचा, कलही जतनाकडेच आहे. आणि फियाटचा जन्म ज्या तुरिन शहरात झाला त्याच शहराचे नाव या सनदेला असणे फियाटच्या मालकांनी तरी मनावर घ्यावे असे मला वाटते. पत्रा गंजाने खाल्लेला नसेल, पूर्वी कुणी वरून दुसरा रंग चढवलेला नसेल आणि थोडे ओरखडे तुम्हाला खुपत नसतील, तर पुढची सगळी तुलना तुमच्यासाठी अनावश्यक आहे. अर्धा डॅशबोर्ड चांगला आणि अर्धा गंजलेला अशी स्थिती असेल तर निर्णय अवघड होतो. अशा वेळी सुट्या होणाऱ्या भागांचा (झाकण, कॉलमचे आवरण) रंग राखून फक्त गंजलेला भाग रंगवण्याचा मोह होतो, पण नवा आणि जुना रंग एकाच पट्ट्यात शेजारी आले तर फरक लपत नाही. शिवण किंवा पट्टी आडवी येत असेल तरच हा मार्ग निवडावा.

रंगवायचेच ठरले तर छटा कुठून घ्यायची? इथे पहिली चूक होते ती गृहीत धरण्याची. १९६५ची फोर्ड मस्टँग घ्या: तिच्या आतल्या पत्र्याचा रंग बाहेरच्या रंगावर नव्हे, तर आतल्या सजावटीच्या रंगावर ठरत असे. याउलट साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या फोक्सवॅगन बीटलचा डॅशबोर्ड बाहेरच्याच रंगात येत असे. आपल्या गाडीचे उत्तर आपल्या गाडीतच शोधावे: स्पीडोमीटर काढल्यावर दिसणारी भोकाची कड, काचेच्या रबराखालचा पट्टा, दाराच्या पॅडमागचा पत्रा, झाकणाच्या बिजागरीखालची जागा. बिजागरीचे स्क्रू काढले की पुष्कळदा एक स्वच्छ रेघ दिसते. रेघेच्या आत मूळ रंग आणि बाहेर नंतर चढवलेला. गाडी आधी कितीदा रंगवली गेली याचा हिशेबही तिथेच लागतो, कारण पाण्याने ओल्या केलेल्या बारीक वॉटर पेपरने छोटा गोल घासला की थरांची वलये एकामागून एक उघडी पडतात.

डोळ्याने जुळवणे, शेड कार्डावरून निवडणे आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंगाची छटा मोजणाऱ्या यंत्राने) स्कॅन करणे या तीन मार्गांपैकी स्कॅन मला सर्वांत भरवशाचा वाटतो, परंतु दोन अटींवर. पहिली अट अशी की यंत्र ठेवायला सपाट आणि स्वच्छ जागा मिळाली पाहिजे. गोलाईवर ठेवलेले यंत्र चुकीचे आकडे देते. दुसरी अट फारशी पाळली जात नाही. तेलाधारित इनॅमलचा पांढरा किंवा क्रीम रंग वर्षानुवर्षे अंधारात राहिला की पिवळा पडतो, आणि उजेडात ठेवला की तो पिवळेपणा काही प्रमाणात परत जातो. म्हणजे पॅडमागची ‘जपलेली’ जागा नेमकी फिकट रंगांच्या बाबतीत दिशाभूल करू शकते. म्हणून झाकणासारखा सुटा भाग काढून काही आठवडे खिडकीच्या उजेडात, थेट कडक ऊन न लागू देता, ठेवावा आणि मगच स्कॅन करावा. स्कॅनवरून बनवलेला रंग लोखंडी पट्टीवर मारून सकाळच्या उजेडात, सावलीत आणि दिव्याखाली मूळ भागाशेजारी धरून पाहावा, कारण एका उजेडात जुळलेली छटा दुसऱ्या उजेडात वेगळी पडते. ती पट्टी गाडीत, काचेआडूनही पाहावी.

छटा जुळली तरी आतला रंग खटकतो, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी चमक हे असते. साठच्या दशकातला रंग एकेरी होता. रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. आज बाहेरच्या पत्र्यावर बेस कोट आणि वर क्लिअर कोट मारण्याची पद्धत आहे आणि पेंटर आतही तेच करतो, त्यामुळे डॅशबोर्डवर काचेखाली ठेवल्यासारखी खोल चकाकी येते जी त्या काळच्या गाडीत कधीच नव्हती. शिवाय चमकदार डॅशबोर्डचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून दुपारी उन्हात चालवताना त्रास होतो. चमक मोजता येते: ग्लॉसमीटर ६० अंशांच्या कोनातून परावर्तित प्रकाश मोजतो आणि गुळगुळीत काळ्या काचेला १०० एकक धरतो. मूळ रंगाच्या झाकलेल्या, न घासलेल्या जागी तीन-चार ठिकाणी हे मोजून सरासरी काढावी आणि पेंटरला शेड नंबरासोबत तो आकडाही लिहून द्यावा. ‘थोडं मॅट करा’ या सूचनेचा अर्थ प्रत्येक गॅरेजमध्ये वेगळा निघतो.

आता प्रत्यक्ष रंगांची तुलना.

ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, थिनर उडून वाळतो. त्यात रासायनिक पक्केपणा येत नाही. म्हणूनच तो पुढे केव्हाही थिनरने मऊ करता येतो, छोटा ओरखडा शेजारच्या रंगात मिसळून दुरुस्त करता येतो आणि त्याचा पातळ थर उठावाच्या रेषा बुजवत नाही. उणिवाही आहेतच: अनेक हात मारावे लागतात, उन्हाने तो कालांतराने तडकतो, आणि जुन्या इनॅमलवर थेट मारल्यास त्याचा तीव्र थिनर खालचा थर उचलतो. पावसाळ्यात तर मुंबई-कोकणात ड्युकोला हात लावू नये, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि रंगावर पांढरट धुके येते.

सिंथेटिक इनॅमल स्वस्त आहे आणि त्याची चमक जुन्या रंगाच्या जवळ जाते. पण हवेत वाळायला तो फार वेळ घेतो, तोवर धूळ बसते, आणि दुसरा हात चुकीच्या वेळी पडला तर सुरकुत्या येतात. आसनाखालचा आणि गालिच्याखालचा पत्रा यापलीकडे मी तो वापरणार नाही.

हार्डनर (रंग पक्का करणारा द्रव) मिसळून मारायचा एकेरी टू-के, म्हणजे दोन घटकांचा, पीयू (पॉलियुरेथेन) हा माझ्या मते रोज किंवा दर आठवड्याला चालणाऱ्या गाडीसाठी योग्य पर्याय आहे. हाताचा घाम, चावीचे ओरखडे आणि दारे उघडताना होणारे घर्षण तो ड्युकोपेक्षा कितीतरी चांगले सोसतो, आणि मॅटिंग बेस (चमक कमी करणारा घटक) घालून चमक हव्या त्या आकड्यावर आणता येते. मात्र मॅट केलेला पीयू नंतर पॉलिश करता येत नाही, घासला की तिथे चकचकीत डाग उमटतो. म्हणून धूळ बसली तर तो भाग पुन्हा पूर्ण रंगवावा लागतो. थर जाड-पातळ झाला तरी चमक बदलते, तेव्हा सगळ्या भागांचा रंग एकाच वेळी मिसळावा आणि एकाच दिवशी, एकाच माणसाने मारावा. हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो, आणि गाडीच्या बंदिस्त पोटात बसून तो फवारणे तर फारच घातक. फडक्याने किंवा साध्या मास्कने हे भागत नाही; बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल अशा गॅरेजला आतले पीयूचे काम देऊ नये.

पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजणे, बळकट असते, पण आतल्या दर्शनी भागांसाठी मी त्याची शिफारस करणार नाही. ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजावे लागते, त्यामुळे शिशाच्या झाळकामाने भरलेला भाग भट्टीत टाकताच येत नाही. आणि जाड थराने कडा गोल होतात, स्क्रूची भोके आवळतात. सीटचे सांगाडे आणि न दिसणारे ब्रॅकेट यांना ते ठीक आहे.

मग कुणी काय निवडावे? स्पर्धेत किंवा रॅलीत परीक्षकांसमोर उभी राहणारी, एरवी झाकून ठेवलेली गाडी असेल तर ड्युको. घरच्या माणसांना घेऊन रविवारी लोणावळ्याला जाणारी असेल तर मॅट केलेला एकेरी पीयू. क्लिअर कोट दोन्हीत नको, पेंटरने कितीही आग्रह केला तरी. काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ठेवावे, होळीच्या आत पुरे करावे.

जुना रंग उतरवताना कोरडे घासू नये, कारण त्या काळच्या पिवळ्या, हिरव्या आणि लाल रंगांत शिशाची संयुगे असण्याची शक्यता मोठी असते. वॉटर पेपर ओला ठेवावा आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. रंगवण्यापूर्वी प्रत्येक स्क्रूचे, पट्टीचे आणि बटणाचे जवळून फोटो काढावेत. कोणता स्क्रू रंगवलेला होता आणि कोणता उघडा, रंगाचा फवारा डॅशबोर्डमागे कुठवर गेला होता, ग्लव्ह बॉक्सच्या आत रंग किती विरळ होता, हे नंतर आठवत नाही, आणि पेंटर सवयीने सगळेच सारखे, भरगच्च करून देतो. कारखान्याने जिथे विरळ फवारा सोडला होता तिथे तो विरळच राहू द्या, असे त्याला काम सुरू होण्याआधी सांगावे लागते. काम झाल्यावर रंगाचे सूत्र, मॅटिंग बेसचे प्रमाण, मोजलेली चमक आणि तारीख एका कागदावर लिहून घ्यावी, आणि हार्डनर न घातलेला अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात मागून घ्यावा.