इलेक्ट्रिक गाड्या की कार्बनला किंमत? शहराने आधी काय हातात घ्यायचं

शहरातला वाहतुकीचा कार्बन कमी करायचा तर जोर नव्या गाड्यांवर द्यायचा की प्रदूषणाला किंमत लावण्यावर, हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. माझं मत आधीच सांगतो, बसच्या बाबतीत टेक्नॉलॉजी आणि खासगी कारच्या बाबतीत किंमत.

इलेक्ट्रिकची जमेची बाजू सरळ आहे. पेट्रोल इंजिनात इंधनातली साधारण पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन वाया जाते, मोटरमध्ये मात्र ऐंशी टक्क्यांच्या आसपास कामी येते. बॅटरी बनवतानाच बराच कार्बन जातो, तो वसूल व्हायला गाडी भरपूर पळावी लागते, म्हणून दिवसभर फिरणाऱ्या बस आणि टॅक्सी आधी बदलायच्या, घरासमोर उभी असलेली कार नंतर. चीनमधल्या शेंझेनने २०१७ अखेर आपल्या सगळ्या बस, म्हणजे १६ हजारांवर, इलेक्ट्रिक केल्या होत्या.

घोडं अडतं ते वेळेवर. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, तरी रस्त्यावर अजून पेट्रोल-डिझेलवाल्यांचीच संख्या जास्त, कारण जुनी गाडी पंधरा-पंधरा वर्षं चालते. आणि तिथे हे जमलं ते पेट्रोल गाड्यांवर भरमसाट टॅक्स आणि इलेक्ट्रिकला सूट होती म्हणून, म्हणजे तिथेही किंमतच कामाला आली की!

आता कार्बन टॅक्स, म्हणजे इंधन जाळून जेवढा कार्बन निघतो त्या हिशेबाने लावलेला कर. लिटरभर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, टनाला १०० डॉलर लावले तर लिटरमागे २३ सेंट वाढतात. एवढ्याने लगेच कोणी गाडी घरी ठेवत नाही, पण पुढची गाडी घेताना माणूस मायलेज नक्की बघतो, आणि जुन्या गाड्याही यातून सुटत नाहीत हा मोठा फायदा. तोटा राजकीय. फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरचा कर वाढणार म्हटल्यावर पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडात तर कार्बन टॅक्सचे पैसे घरोघरी परत मिळत होते, तरी २०२५ मध्ये ग्राहकांवरचा हा कर बंद झाला, कारण पंपावरचा भाव रोज दिसतो आणि खात्यात आलेले पैसे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

शहराच्या हातात इंधनाचा कर बहुतेक वेळा नसतोच. गर्दीच्या भागात शिरायचे पैसे घेणं मात्र जमू शकतं. स्टॉकहोमने २००६ मध्ये काही महिने ट्रायल घेतली, पैसे लागणाऱ्या भागाच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे २० टक्के घटली, ट्रायल संपली तशा गाड्या पुन्हा वाढल्या, आधी नाकं मुरडणाऱ्या शहरवासीयांनी मग बहुमताने हो म्हटलं आणि २००७ पासून ते कायमचं झालं. ट्रायल सुरू व्हायच्या आधीच तिथे जादा बस सोडल्या होत्या, हे कॉपी करताना नेमकं विसरलं जातं. तेव्हा बजेट एकाच गोष्टीपुरतं असेल तर आधी बस घ्या, गर्दीच्या भागात शिरायचे पैसे त्यानंतर लावा.