अडीचवर थिजलेली सुई: ऑइल प्रेशर गेजच्या नावाखाली होणारी फसवणूक

डॅशबोर्डवर नवंकोरं ऑइल प्रेशर गेज आणि सुई बरोबर अडीच बारवर (बार हे प्रेशरचं एकक). इंजिन गार असो की घाट चढून तापलेलं, गाडी स्लोवर असो की रेस दिलेली, सुई अडीचवरच. एका जुन्या डिझेल जीपच्या मालकाला हे इंजिन ठणठणीत असल्याचं लक्षण म्हणून सांगण्यात आलं होतं. बिलात गेज, सेन्सर, टी (एका जागेला दोन फाटे देणारं फिटिंग) आणि मजुरी अशा चार ओळी होत्या. इंजिनावर मात्र सेन्सरही नव्हता आणि टीही नव्हता.

डॅशबोर्डमागे निघालं ते असं. कंपनीचा मूळ ऑइल प्रेशर स्विच जागच्या जागी होता. त्याच्यापासून लाल दिव्याकडे जाणारी वायर कापून गेजच्या सेन्सर टर्मिनलला जोडली होती. त्याच टर्मिनलपासून बॉडीला 100 ओहमचा एक रेझिस्टर टाकून वर काळी टेप गुंडाळली होती. एक-दोन रुपयांचा तो रेझिस्टर म्हणजे बिलातला 'सेन्सर'.

ही युक्ती चालते कशी? मूळ स्विच फक्त दोनच गोष्टी सांगतो: प्रेशर आहे किंवा नाही. साधारण 0.2 ते 0.5 बारच्या खाली तो अर्थ होतो, म्हणजे वायर बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो; त्याहून जास्त प्रेशरला सर्किट तुटतं. खरा सेन्सर प्रेशरप्रमाणे विजेला होणारा रोध बदलतो. आपल्याकडे सर्रास मिळणारा व्हीडीओ (VDO ही गेज बनवणारी कंपनी) पद्धतीचा 5 बारचा सेन्सर शून्यावर 10 ओहम, 1 बारला 48, 2 बारला 82 आणि 5 बारला 180च्या आसपास दाखवतो. म्हणजे 100 ओहम म्हणजे अडीच बार, सुई बरोबर मध्यावर. इंजिन बंद असताना स्विच अर्थ झालेला, म्हणून सुई शून्यावर. इंजिन चालू झालं की स्विच सुटतो, मागे रेझिस्टर उरतो आणि सुई रुबाबात मध्यावर येते. किल्ली फिरवल्यावर सुई उठलेली दिसली की गिऱ्हाईक पैसे मोजून मोकळं होतं.

गंमत म्हणजे असं 'समजूत घालणारं' गेज काही मोटार कंपन्यांनीही दिलं आहे. माझदाच्या मियाटा या स्पोर्ट्स कारमध्ये सुरुवातीला खरं ऑइल प्रेशर गेज होतं. 1995पासूनच्या गाड्यांत त्याच जागी स्विचवर चालणारी सुई आली. पण तिथे निदान कोणी सेन्सर बसवल्याचं वेगळं बिल लावलं नव्हतं.

जीपच्या बाबतीत पैशांपेक्षा मोठं नुकसान दुसरंच होतं: लाल दिवा मेला. ऑइल संपलं असतं तर सुई शून्यावर आली असती, पण मुकाट्याने. रात्री, पावसात, हायवेवर सुईकडे कोण बघत बसतं? दिवा डोळ्यांत घुसतो. प्रेशर गेल्यावर बेअरिंगला फार वेळ मिळत नाही. म्हणून कोणतंही गेज बसवलं तरी मूळ दिवा चालूच राहिला पाहिजे. इथे तडजोड नको.

गाडी ताब्यात घेण्याआधी गॅरेजातच पाहून घ्या. किल्ली ऑन, इंजिन बंद: लाल दिवा लागलाच पाहिजे आणि सुई शून्यावर हवी. गार इंजिन चालू केल्यावर ऑइल घट्ट असतं, तेव्हा स्लोवरही बहुतेक गाड्यांत 3 ते 5 बार दिसतात. वीसेक मिनिटं चालवून इंजिन पुरतं तापलं की स्लोवर तीच सुई 1 ते 2 बारपर्यंत उतरते आणि रेस दिली की पुन्हा चढते. ढोबळ हिशेब दर हजार आरपीएमला 10 पीएसआय, म्हणजे सुमारे 0.7 बार; नेमका आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा. गार आणि गरम यांत सुईला काहीच फरक पडत नसेल, तर बॉनेट उघडून सेन्सर बोटाने दाखवायला सांगा. मूळ स्विच बोटभर असतो, व्हीडीओ पद्धतीचा सेन्सर छोट्या डबीसारखा. नजरेतून सुटत नाही.

सेन्सर दिसला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. 5 बारचा आणि 10 बारचा असे दोन्ही सेन्सर 10 ते 180 ओहमचेच असतात. 10 बारच्या गेजला 5 बारचा सेन्सर लावला की प्रत्येक आकडा दुप्पट दिसतो. खरं प्रेशर 1 बार असताना सुई 2 सांगते आणि झिजलेलं इंजिन तरुण वाटतं. उलट जोडी लावली की आकडा निम्मा. खरी लबाडी इथे पैसे कमावते, कारण निम्मा आकडा दाखवून 'ऑइल पंप गेला, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवावा लागेल' म्हणता येतं. असा निकाल मिळाला तर आधी स्विचच्या जागी मेकॅनिकल टेस्ट गेज लावून प्रेशर मोजायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. त्याला नकार मिळाला तर गाडी तिथून हलवा.

अमेरिकन पद्धतीचे सेन्सर 240 ते 33 ओहमचे, म्हणजे उलटे: प्रेशर वाढलं की रोध घटतो. ते व्हीडीओ गेजला लावले तर इंजिन बंद असताना सुई टोकाला जाते. ही चूक निदान लगेच दिसते. दोन टर्मिनलच्या सेन्सरवर 'जी' गेजचं आणि 'डब्ल्यूके' दिव्याचं. हा घेतला तर टीशिवायही दिवा चालू ठेवता येतो.

आट्यांची फसवणूक मात्र महिन्याभराने कळते. बऱ्याच जपानी इंजिनांत स्विचचे आटे 1/8 बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे निमुळते आटे) असतात: इंचाला 28 आटे, बाहेरचा व्यास साधारण 9.7 मिमी, कोन 55 अंश. बाजारातल्या किटमध्ये अनेकदा 1/8 एनपीटी (अमेरिकन मापाचे निमुळते आटे) येतं: 27 आटे, सुमारे 10.3 मिमी, 60 अंश. दोन-अडीच फेरे बसतं आणि अडतं. तिथे थांबून ॲडॉप्टर आणायचा असतो, पण घाईतला फिटर लांब पाना लावून रेटतो. ॲल्युमिनिअममध्ये आटे जातात किंवा हाउसिंगला बारीक चीर पडते. एम10×1 हा तिसराच प्रकार. तो सहसा सरळ आट्यांचा, त्याला तांब्याचा वॉशर लागतो. हाताने तीन-चार फेरे मोकळे फिरले नाहीत तर माप चुकलं आहे.

टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळणं हीदेखील वाईट खोड. एका टर्मिनलचा सेन्सर अर्थिंग आट्यांतूनच घेतो. टेपमुळे ते कच्चं झालं की सुई नाचते आणि मग 'सेन्सर खराब' म्हणून दुसरा विकला जातो. तुटलेला टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत जातो तो वेगळाच. पहिला आटा कोरा सोडून द्रव सीलंट पुरेसं.

आणि तो जड सेन्सर पितळी टीवर आडवा लटकवलेला दिसला तर ताबडतोब काढायला लावा. डिझेलच्या थरथरीने टी मानेतून तुटतो आणि पंप स्वतःच सगळं ऑइल रस्त्यावर ओततो. टी स्टीलचा घ्यावा. सेन्सर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) क्लॅम्पने बसवून मध्ये जाळीदार होज टाकावी आणि सेन्सरच्या अंगाला बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर द्यावी.

सेन्सर बसवण्याआधीच तपासायचा असेल तर टायरवाल्याकडे जा. आट्यांना जुळणारं फिटिंग लावून 30 पीएसआय हवा द्या आणि मल्टिमीटर लावा. 5 बारचा असेल तर 80 ते 85 ओहम, 10 बारचा असेल तर 50च्या आसपास. डबीवर काहीही छापलेलं असो, आकडा मीटरचाच धरा.