पाणाड्याकडून बोअरची जागा काढली, आमचा अनुभव (पारोळा तालुका)

यंदा उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, लिंबूची झाडं डोळ्यासमोर वाळायला लागली, म्हणून आबांनी पाहुण्यांनी सांगितलेला एक पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा, बोलावला. नाव टाकत नाही, आपल्याकडे असे बरेच फिरतात. फी 2,100, पेट्रोलचे वेगळे, शिवाय नारळ, ब्लाऊजपीस आणि दुपारचं वरण-बट्टीचं जेवण. माणूस बोलायला गोड आणि वेळेवर आला, तेवढं खरं सांगतो.

पद्धत अशी की तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि वावरात फिरायचं, नारळ उभा राहिला की खाली पाणी. बांधाजवळ तो उभा राहिला, म्हणे इथे दोन झरे भेटतात, 250 फुटाच्या आत पाणी. खूण म्हणून दगड ठेवला. आता खरी गोष्ट ऐका. संध्याकाळी पुतण्याने गोऱ्हा बांधायची मेख ठोकायला तोच दगड उचलला, आणि सकाळी आठवल्यावर अंदाजाने ठेवून दिला, चांगला पंधरा-वीस पावलं लांब. पूजेला पाणाड्या आला, सरळ दगडापाशी गेला आणि नारळ तिथे पण उभा राहिला! पोरगं बोललं, "आबा, दगड ते तठे व्हता," तर आबा त्याच्यावरच खेकसले. मी पण गप्प बसलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नारळ उठायला काही झरा लागत नाही. हात नकळत जरासा कलला की वजन सरकतं आणि तो उठतो, धरणाऱ्याला पण वाटतं आपण काहीच केलं नाही. मी नंतर घरात फरशीवर उभं राहून करून पाहिलं, चौथ्या खेपेला उठला.

रात्री बोअरची गाडी आली. वरची माती-मुरूम संपला की लगेच काळा पाषाण, मग नुसती राखाडी भुकटी. 250 झाले, फोन केला तर म्हणे अजून 100 मारा. 410 ला आबांनीच थांबवलं. केसिंग (बोअरमध्ये टाकायचा पाइप) धरून 58,000 गेले, ओल सुद्धा नाही.

पैशाचं एकवेळ सोडून देऊ. दुसऱ्या दिवशी तो आला आणि ओट्यावर चार माणसांसमोर म्हणाला, घरातल्या बाईने विटाळात जागा ओलांडली म्हणून झरा फिरला. वहिनी पूजेच्या दिवशी चहा घेऊन तिकडे गेली होती. तिला सगळ्यांसमोर तारीख विचारली हो! जिभाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ, खाली मान घालून बसला. वहिनी आत गेली ती दोन दिवस नीट जेवली नाही. पाळीने जमिनीतलं पाणी फिरतं हे बोलायला त्या माणसाला लाज वाटली नाही, आणि ऐकून घ्यायला आम्हाला पण नाही.

लोक म्हणतात रावेर-यावलकडे पाणाड्यांचं बरोबर निघतं. तिकडे तापीचा गाळ खोलवर आहे, वाळूच्या थरात पाणी लांबपर्यंत पसरलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी खोल गेलं की लागतं, कोणी पण जागा दाखवा. आपल्याकडे बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण, पाणी फक्त भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात, त्यामुळे एका वावरात लागतं आणि शेजारच्या वावरात कोरडं जातं.

आम्ही नंतर शिकलेल्या भूगर्भवाल्याला बोलावलं. त्याने चार सळया एका ओळीत ठोकल्या, करंट सोडून जमिनीचा रोध मोजला, अंतर वाढवत वाढवत दोन तास काम केलं. त्याने गॅरंटी दिली नाही, शक्यता सांगितली, आणि बांधाजवळ खाली सलग पाषाण आहे, तिथे पुन्हा पैसे घालू नका हे स्पष्ट सांगितलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे सरकारी खातं 1972 पासून आहे, आधी तिथे विचारा, मग गाडी बोलवा.

तक्रार करावी म्हटलं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून ज्योतिषी आणि जमिनीखालचं पाणी सांगणारे यांचा सल्ला वगळलेला आहे. म्हणून इथे लिहितोय. माझ्याकडून या सेवेला शून्य.

वहिनी अजून त्या बांधाकडून जात नाही, निंदायला निघाली तरी वरच्या वावरातून वळसा घालून जाते.