स्टाइनबाखचं मेनोनाइट हेरिटेज व्हिलेज: गिरणी शेवटी पाहा

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगहून ट्रान्स-कॅनडा हायवेने पूर्वेकडे निघून हायवे १२ वर दक्षिणेला वळलं की तासाभरात, स्टाइनबाख शहराच्या अलीकडेच, मेनोनाइटांचं, म्हणजे शस्त्र न उचलणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचं, हे संग्रहालय लागतं. चाळीस एकरांवर एकच सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं, शाळा, प्रार्थनाघर, दुकान, गोठे. प्रेअरीवरचं, म्हणजे सपाट गवताळ माळावरचं, गाव कसं वसलं आणि का मोडलं, हे समजून घ्यायला मॅनिटोबात याहून चांगली सुरुवात नाही. बहुतेक लोक आत शिरताच पीठ दळणाऱ्या उंच पवनचक्कीकडे धावतात. तसं करू नका. आधी सेमलिन पाहा.

सेमलिन म्हणजे जमिनीत अर्धवट खणलेली खोपटी. भिंती गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या ढेपळांच्या. आत गुरं आणि माणसं एकत्रच. १८७४ च्या उन्हाळ्यात रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनमधून, मेनोनाइट कुटुंबं रेड आणि रॅट नद्यांच्या संगमावर बोटीतून उतरली, तेव्हा थंडी दोन-तीन महिन्यांवर होती. पहिला हिवाळा अशा खोपट्यांत काढणं भाग होतं. कॅनडा सरकारने १८७३ मध्ये सैनिकी सेवेतून सूट आणि रेड नदीच्या पूर्वेला आठ टाउनशिप (सरकारी मोजणीतले जमिनीचे मोठे चौकोन) राखून देण्याचं कबूल केलं होतं. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. इथल्या मूळनिवासी अनिशिनाबे लोकांशी सरकारचा पहिला करार १८७१ मध्येच झाला होता आणि मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाची, कुटुंबंही याच परिसरात राहत होती. रस्त्यावरून फिरताना हे ध्यानात असायला हवं.

गावाचा खरा गाभा मात्र इमारतींत दिसत नाही, तो जमिनीच्या वाटणीत आहे. सरकार प्रत्येक कुटुंबाला १६० एकरांचा चौकोनी तुकडा देई आणि त्यावरच राहण्याची अट घाली. मेनोनाइटांनी हे तुकडे एकत्र केले, मधोमध रस्त्यालगत घरं बांधली आणि शेतजमिनीचे लांब पट्टे पाडले. चांगल्या, पाणथळ, दूरच्या अशा प्रत्येक भागातला एकेक पट्टा घराघराला मिळे, म्हणजे वाईट जमीन एकाच्याच माथी बसत नसे. कुरण सामाईक, गुराखी गावाने नेमलेला, कारभार निवडलेल्या शुल्त्सेकडे, म्हणजे गावप्रमुखाकडे. अनाथांची आणि विधवांची मालमत्ता सांभाळायला वेगळी संस्था होती, तिला वाइझेनआम्ट म्हणत.

हे सगळं परस्पर विश्वासावर चाललं होतं, कारण सरकारी कागदावर तुकडा एकेकाच्याच नावावर होता. एखाद्याने आपले १६० एकर वेगळे मागितले की गाव त्याला अडवू शकत नसे, आणि त्या तुकड्यात शेजाऱ्यांचे पट्टे गेलेले असत. गावं अशी एकेक करून विस्कटली. पुढे १९१६ मध्ये मॅनिटोबाने द्विभाषिक शाळा बंद केल्या, मुलांना तिथे जर्मनमधून शिकवता येईना, आणि १९२० च्या दशकात हजारो जण मेक्सिको आणि पॅराग्वेला निघून गेले.

हे डोक्यात ठेवून १८९२ चं घर-गोठा पाहा. घर आणि गोठा एकाला एक जोडलेले, त्यामुळे उणे तीस अंशांतही धार काढायला बाहेर पडावं लागत नसे. घराच्या मध्यावर विटांची मोठी भट्टी असते; तिच्या भिंती वेगवेगळ्या खोल्यांत येतात, म्हणून एका जाळावर सगळं घर तापतं. लाकूड दुर्मीळ असल्याने जळण पेंढ्याचं आणि वाळवलेल्या शेणाचं. धोका उघड आहे: गोठ्यातल्या गवतावर ठिणगी पडली तर घरही जातं. आगीसाठी सामाईक विम्याची पद्धत मेनोनाइटांनी सोबतच आणली होती. १८८१ चं प्रार्थनाघर बाहेरून साध्या घरासारखंच; त्यावर मनोरा नाही.

आता गिरणी. मूळ १८७७ ची. इथे उभारलेली प्रतिकृती १९७२ ची. ती २००० मध्ये कोणीतरी पेटवून दिली आणि पुढच्याच वर्षी लोकांनी पुन्हा बांधली. पाती फिरणं वाऱ्यावर अवलंबून आहे, त्यामुळे फिरतील याची खात्री धरू नका. दगडी जात्यावरचं पीठ दुकानात मिळतं, ते जरूर घ्या. त्यात अंकुराचं तेल असतं, म्हणून उन्हाळ्यात कपाटात लवकर खवट होतं, फ्रीझरमध्ये ठेवा. पोळ्यांसाठी नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी घालून कणीक अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा, नाहीतर कोंडा नीट भिजत नाही आणि पोळी कडेला फाटते.

लिव्हरी बार्न रेस्टॉरंटमध्ये व्हेरेनिकी मागवा, म्हणजे उकडलेल्या करंज्या: आत ताज्या चीजचं सारण, वरून सायीची पांढरी ग्रेव्ही. शाकाहारी असाल तर आधी विचारा. ही ग्रेव्ही परंपरेने सॉसेजच्या चरबीत करतात, पारीत अंडं असतं, आणि कोबीचं बोर्श्ट, म्हणजे सूप, बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतं. प्लूमामोस, म्हणजे सुक्या फळांचं गार सार, बिनधास्त घ्या.

बाहेरच्या इमारती साधारण मे ते सप्टेंबर उघड्या असतात. किमान तीन तास ठेवा, डासांचं मलम न्या. ऑगस्टच्या सुरुवातीच्या पायोनियर डेज या उत्सवात मळणी आणि जुनी यंत्रं चालताना दिसतात, पण गर्दी असते; निवांत पाहायचं तर इतर दिवशी या.

एक उणीव जाणवतेच. इमारती वेगवेगळ्या गावांतून आणून मांडल्या आहेत आणि घरांमागे ती पट्ट्यांची शेती नाही. ती ओढ लागली तर आल्टोनाजवळचं नॉयबर्गथाल गाठा: १८७६ चं गाव, जागच्या जागी टिकलेलं, १९८९ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. तिथे लोक अजून राहतात, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहा आणि अंगणात शिरण्याआधी विचारा.