कॉलेजचे हिशेब सांभाळता? मग सभासद कुठे व्हावं?

इंदूरमध्ये कॉलेजचे किंवा खाजगी विद्यापीठाचे हिशेब सांभाळणारी मराठी मंडळी थोडीथोडकी नाहीत. मार्च आला की त्यांच्यापैकी कुणीतरी हमखास विचारतं, बजेटमध्ये थोडी तरतूद आहे, कुठल्या संघटनेचं सभासदत्व घ्यावं? अमेरिकेतल्या नॅकुबो या कॉलेज-अधिकाऱ्यांच्या संघटनेचं नाव कानावर आलेलं असतं. विद्यापीठात एआययूची, म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या संघटनेची, पत्रं येत असतात. घरातला एखादा सीए म्हणतो, आमच्या ब्रँचला येत जा. माझं मत आधीच सांगतो. संघटनेचं नाव किती मोठं हे बाजूला ठेवा आणि पुढच्या वर्षभरात तुमच्या टेबलावर कुठले कागद येणार आहेत ते बघा. आणि सभासदत्व तुमच्या नावावर राहतं की संस्थेच्या, हेही.

नॅकुबो म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज अँड युनिव्हर्सिटी बिझनेस ऑफिसर्स. १९६२ पासूनची संघटना, कचेरी वॉशिंग्टनला. तिथे सभासद होते ती संस्था. एकदा संस्था आत आली की फायनान्स, खरेदी, इस्टेट अशा सगळ्या विभागांतल्या लोकांना तिचा लाभ घेता येतो. तिकडची खाजगी कॉलेजं एका मंडळाचे हिशेब-नियम पाळतात आणि सरकारी कॉलेजं दुसऱ्या मंडळाचे. त्या दोन्हींचा अर्थ लावून सांगणारं जाडजूड मॅन्युअल नॅकुबो काढते. जुलैत मोठं वार्षिक अधिवेशन भरतं.

तिची खरी ताकद आकडेवारीत आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षाच्या एन्डाउमेंट (म्हणजे गुंतवून ठेवलेल्या कायम निधीच्या) अहवालात ६५८ संस्था होत्या आणि त्यांच्या निधीची बेरीज ८७३ अब्ज डॉलरच्या पुढे होती. दुसरा गाजणारा अहवाल फीमधल्या सवलतीचा. तिकडच्या खाजगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते, हे त्यातून कळतं. वाचायला दोन्ही झकास. पण आपल्या कामाला? आपल्याकडे ट्रस्टचा कॉर्पस, म्हणजे मूळ निधी, आयकर कायद्याने ठरवून दिलेल्या जागीच गुंतवावा लागतो. बँकेच्या ठेवी आणि सरकारी रोखे ठीक, मनात आलं म्हणून एखाद्या खाजगी कंपनीचे शेअर घेऊन ठेवता येत नाहीत. आणि फीचं म्हणाल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी भोपाळची प्रवेश व फी नियामक समिती ठरवते, २००७ च्या राज्य कायद्याखाली. त्या कायद्यावर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं, तेही इंदूरच्याच मॉडर्न डेंटल कॉलेजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात. तेव्हा छापील फी फुगवून मग त्यात सूट द्यायची, हा तिकडचा खेळ इथे फारसा चालत नाही.

एक गोष्ट मात्र मी नॅकुबोकडून जरूर उचलेन. २००२ मध्ये तिने एका विद्यार्थ्याला शिकवायला नेमका किती खर्च येतो, हे काढायची पद्धत मांडली. खर्चाचे तीन गट: शिकवणं आणि विद्यार्थ्यांच्या सेवा, संस्था व समाजासाठीचा खर्च, आणि विद्यार्थ्यांना दिलेली आर्थिक मदत. सोपं वाटतं, पण करायला बसा. एकाच आवारात बीबीए, बी.एड. आणि फार्मसी चालतं. वीज मीटर एक, ग्रंथालय एक, इलेक्ट्रिशियन एक, अकाउंट्सची खोलीही एकच. फार्मसीच्या लॅबमधले एसी दिवसभर चालू आणि बी.एड.चा वर्ग दुपारी रिकामा. मग वीजबिल विद्यार्थिसंख्येवर वाटायचं, क्षेत्रफळावर की तासांवर? फी समितीपुढे अभ्यासक्रमवार खर्च ठेवायची वेळ येते तेव्हा आपल्यातले बरेचजण आदल्या आठवड्यात टॅलीतून लेजर काढून अंदाजाने टक्केवारी लावतात. वाटपाचा आधार वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवावा, नोटशीटवर मंजूर करून घ्यावा आणि वर्षभर तोच पाळावा, ही शिस्त त्या पद्धतीतून शिकण्यासारखी आहे. त्यासाठी सभासद असायची गरज नाही.

वेळेचाही हिशेब करा. तिकडे दुपारी एकला सुरू होणारं वेबिनार उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतं, हिवाळ्यात साडेअकराला. एखाद्-दुसऱ्या वेळी हौसेने बसाल, दर महिन्याला नाही.

देशातल्या संस्थांकडे वळलं तर एआययू, म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, सर्वांत जुनी, १९२५ ची. पण तिथे सभासद विद्यापीठं असतात, कॉलेजं नव्हे. पदव्यांची समकक्षता आणि आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धा ही तिची ओळख. हिशेब हा तिच्या अनेक विषयांतला एक. विद्यापीठात असाल तर तिच्या प्रशिक्षणाची पत्रं कुलसचिवांच्या टेबलावर अडकून राहू देऊ नका, एवढंच सांगेन.

दिल्लीची नीपा, म्हणजे शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था, वेगळी. तीही मूळची १९६२ चीच, युनेस्कोने काढलेलं केंद्र म्हणून सुरू झालेली; २००६ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. सभासदत्वाची भानगड नाही. शैक्षणिक अर्थकारणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि प्रशासकांसाठी प्रशिक्षणवर्ग होतात. इंदूरहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी दिल्ली. अनुदान, नियोजन, शिक्षणावरचा सरकारी खर्च हे तिथे नीट समजतं. जीएसटीची नोटीस हातात घेऊन जाल तर मात्र चुकीच्या दारात उभे राहाल.

आता सीए आणि सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) संस्थांचं बघू. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इंदूरकराला रोजचा उपयोग इथेच आहे. सीएंची संस्था आयसीएआय १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली, कॉस्ट अकाउंटंट्सची संस्था १९५९ च्या. दोन्हींच्या शाखा गावात आहेत. सभासदत्व व्यक्तीचं. म्हणजे उद्या तुम्ही खंडवा रोडवरचं कॉलेज सोडून बायपासवरच्या खाजगी विद्यापीठात गेलात तरी ते तुमच्याबरोबर येतं. नॅकुबोचं तसं नाही, संस्था सुटली की तेही सुटलं.

अलीकडच्या दोनच गोष्टी घ्या. ११ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट झालं की विद्यापीठ कॉलेजांकडून जी अॅफिलिएशन फी घेतं, तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बसणाऱ्याला हा थेट दणका. कॉलेजची स्वतःची फी करमुक्त असल्यामुळे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही आणि ते १८ टक्के सरळ खर्चात जातात. दुसरी गोष्ट, नवा आयकर कायदा २०२५. तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. ट्रस्टसाठीच्या तरतुदी आता नोंदणीकृत ना-नफा संस्थांच्या एका प्रकरणात एकत्र आल्या, टीडीएसची विखुरलेली कलमं दोन मोठ्या कलमांत गोळा झाली. सॉफ्टवेअरमधले सेक्शन कोड, व्हाउचरवरचे शिक्के, वेंडरला पाठवायची पत्रं, सगळं बदलायचं काम तुमच्याच गळ्यात पडणार. असल्या बाबतीत ब्रँचचं संध्याकाळचं एक व्याख्यान परदेशी अहवालांच्या गठ्ठ्यापेक्षा कामाचं. शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या कॉलेजचा ऑडिटर बसलेला असतो, त्याच्याशी चहा पिताना जे कळतं ते वेगळंच.

उणीवही सांगायला हवी. या कार्यक्रमांचा कल कंपन्या आणि कर यांच्याकडे असतो. राज्य सरकार हुशार मुलांची फी भरतं त्या मेधावी विद्यार्थी योजनेची रक्कम कुठल्या मुलाची, कुठल्या सत्राची, हे बँक स्टेटमेंटशी कसं जुळवायचं, किंवा सरकारी कॉलेजात जनभागीदारी समितीच्या (लोकसहभागाच्या) निधीची रोकडवही वेगळी का ठेवायची, यावर तिथे सहसा कुणी बोलत नाही. शिवाय तुम्ही एम.कॉम. करून अनुभवाने वर आला असाल तर सभासदत्वाचं दार बंदच. अशांना गावातल्या करसल्लागारांची व्याख्यानं हा आधार. व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर दोन मिनिटांत मिळतं खरं, पण ऑडिट पॅरा, म्हणजे तपासनिसाचा लेखी आक्षेप, निघाल्यावर तो मेसेज पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

तेव्हा, तुम्ही सीए किंवा सीएमए असून कॉलेजात नोकरी करत असाल तर स्वतःची वर्गणी आणि ब्रँचचे कार्यक्रम यांना पहिला मान. सीए-सीएमए नसाल तर संस्थेला नीपासारख्या ठिकाणी पाठवायला सांगा. प्रवासभत्त्यासह नोटशीट फेब्रुवारीतच चालवा, एप्रिलनंतर सगळे हात वर करतात. सरकारी विद्यापीठात वित्त नियंत्रक राज्याच्या वित्त सेवेतून येतात, त्यांचं प्रशिक्षण शासन बघतं. त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी मात्र आपलं आपण बघावं. मोठ्या खाजगी विद्यापीठात मुख्य वित्त अधिकारी असाल, माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभा करायचा असेल, परदेशी विद्यापीठाशी करार असतील, तर नॅकुबोचा विचार करायला हरकत नाही. करारातला समोरचा माणूस नॅकुबोच्याच भाषेत बोलणार आहे.

तसं ठरवलंच तर पैसे पाठवण्याआधी ऑडिटरशी बसा. परदेशी वर्गणीसाठी बँक आयकराचा फॉर्म आणि सीएचा दाखला मागू शकते. रिव्हर्स चार्जने, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच भरायचा, जीएसटी लागतो का, हे तपासावं लागतं. आणि ट्रस्टच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करायचे असतात, त्यात भारताबाहेर गेलेली ही रक्कम धरायची की नाही, यावर निकाल एकसारखे नाहीत. रक्कम लहान असली तरी ऑडिटरचं मत लेखी घ्या आणि व्हाउचरलाच जोडून ठेवा.